गुडघ्यातला मेंदू : कोल्हापूरची तालीम आणि हालचालीचे शास्त्र

'पैलवानाचा मेंदू गुडघ्यात असतो' हा विनोद मराठीत इतका रुळला आहे की तो विनोद आहे याचेही आता भान उरलेले नाही. शाळेच्या वर्गापासून नाटकाच्या रंगमंचापर्यंत तो सर्रास वापरला जातो, आणि ज्याने तालमीची पायरीही कधी चढलेली नाही असा माणूस तो सर्वांत सहजपणे वापरतो. या विनोदामागे एक पक्के गृहीतक आहे. विचार करणारे एक, अंग चालवणारे दुसरे. पहिल्याने आज्ञा करावी, दुसऱ्याने ती पाळावी. लेखणी आणि लंगोट यांच्यात आपल्या समाजाने जी उतरंड मानली, तिचे हे शारीरशास्त्रीय रूप म्हणावे लागेल. ही उतरंड शरीराच्या आत खरोखर आहे का, या प्रश्नाचा शोध घेताना मज्जासंस्थेचे शास्त्र आणि कोल्हापूरच्या कुस्तीचा इतिहास जवळपास एकाच काळात एकमेकांशेजारून गेलेले दिसतात, आणि त्यांची गाठ मात्र कुणी घालून दिलेली नाही.

प्रारंभ भाषेपासून करू. हालचाल बिघडते तेव्हा मराठी माणूस ज्या शब्दांनी ती सांगतो ते शब्द पाहावेत : अर्धांगवायू, कंपवात, धनुर्वात. सगळीकडे वारा आहे. चरकसंहितेने शरीरातील लहानमोठ्या सर्व चेष्टांचा प्रवर्तक म्हणून वायूचा निर्देश केला आणि मनाचे नियमनही त्याच्याकडेच सोपवले. पुढे तो सिद्धान्त वैद्यांच्या ग्रंथांत राहिला, पण शब्द घराघरांत उतरले. आज एखाद्याच्या मेंदूतील रक्तवाहिनी तुंबते, डॉक्टर त्याचे छायाचित्र काढून दाखवतात, आणि घरी निरोप जातो तो 'वारं गेलं अंगावरून' असा. हे अज्ञान नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शारीरविचाराचा तो बोलीत टिकलेला अवशेष आहे. ग्रीक-रोमन वैद्यकातही स्थिती फार वेगळी नव्हती. दुसऱ्या शतकातील गेलन हा वैद्य मज्जातंतूंतून एक सूक्ष्म वायुरूप तत्त्व वाहते असे मानत असे. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, या गेलनने उमेदवारीच्या काळात पर्गामम येथे ग्लॅडिएटरांचा वैद्य म्हणून काम केले होते. आखाड्यात फाटलेल्या अंगांतून त्याला स्नायू, कंडरा आणि तंतू यांचे दर्शन घडले. हालचालीच्या शास्त्राचा एक उगम अशा रीतीने झुंजीच्या मैदानातच आहे.

'मज्जासंस्था' हा शब्दही असाच इतिहास वागवतो. आयुर्वेदाच्या सप्तधातूंत मज्जा सहावी. हाडांच्या पोकळीतील स्निग्ध गर तो. पाठीच्या कण्यातला मऊ दोर हा त्याच जातीचा पदार्थ असावा, असे पूर्वी अनेकांना वाटे. इंग्रजीतही जुन्या ग्रंथांत त्याला मज्जाच म्हटले आहे. त्यामुळे मज्जारज्जू, मज्जातंतू हे शब्द रूढ झाले. आता पाठ्यपुस्तकांनी 'चेतासंस्था' आणि 'मेरुरज्जू' स्वीकारले, विश्वकोशीय लेखनात 'तंत्रिका तंत्र' आले. पण बोलताना आपण अजून मज्जेवरच आहोत. तिसरा एक शब्द मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो, तो म्हणजे 'ज्ञानतंतू'. या शब्दाने तंतूंच्या साऱ्या व्यवहारातून ज्ञान तेवढे उचलले आणि कर्म गाळले. वास्तविक ज्ञानेंद्रिये आणि कर्मेंद्रिये हा भेद आपल्या दर्शनांनी फार पूर्वी केला होता. युरोपात हा भेद तंतूंच्या पातळीवर सिद्ध व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. चार्ल्स बेलने 1811 मध्ये आणि फ्रान्स्वा माजांदीने 1822 मध्ये केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले की, मेरुरज्जूच्या मागच्या बाजूने संवेदना आत येते आणि पुढच्या बाजूने हालचालीची चेतना बाहेर जाते. ज्ञानाचे दार मागे, कर्माचे पुढे. 'कर्मतंतू' हा शब्द मात्र मराठीने बोलीत कधी रुळू दिला नाही.

वायूची जागा विजेने घेतली ती गॅल्वानीच्या बेडकापासून. त्याचा ग्रंथ 1791 चा. 1850 मध्ये हेल्महोल्ट्झने बेडकाच्या तंतूतून जाणाऱ्या चेतनेचा वेग मोजला, तो सेकंदाला सुमारे सत्तावीस मीटर भरला. ज्याला तत्काळ समजले जात होते त्याला वेळ लागतो, हा या मोजमापाचा खरा धक्का होता. माणसाच्या सर्वांत वेगवान तंतूंत हा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास जातो, तरीही विलंब हा उरतोच. इच्छा आणि कृती यांच्यामध्ये अंतर आहे आणि ते घड्याळाने मोजता येते. 1870 मध्ये बर्लिनमध्ये फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा स्पर्श करून विरुद्ध बाजूचा पाय हलवून दाखवला. आणि 1875 मध्ये एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनी स्वतंत्रपणे गुडघ्याच्या वाटीखाली हलकी थाप दिल्यास पाय आपोआप उडतो, या गोष्टीचे वर्णन प्रसिद्ध केले. मेंदूला विचारण्यापूर्वीच मेरुरज्जूतून परत फिरणारी ही आज्ञा होती. थाप आणि स्नायूची विद्युत् प्रतिक्रिया यांत साधारण वीस ते तीस मिलिसेकंद जातात. डोळ्यांनी पाहून, ठरवून हालचाल सुरू करायला सुमारे दोनशे लागतात. विनोदकाराने गुडघाच का निवडला असेल कोण जाणे. पण निवड अगदीच वाया गेलेली नाही.

आता कोल्हापूरकडे येऊ. शाहू महाराजांच्या कारकिर्दीचा (1894–1922) विचार आपण सामाजिक सुधारणांच्या अंगाने करतो, आणि कुस्तीचा राजाश्रय हा त्यांच्या चरित्रातला रंगतदार पण दुय्यम अध्याय मानतो. मला ही विभागणी मान्य नाही. 1901 पासून विद्यार्थी वसतिगृहे उभी राहू लागली. 26 जुलै 1902 रोजी नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम निघाला. त्याच वर्षी महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले होते. परतीच्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागृह पाहिले आणि त्यातून खासबाग मैदानाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. हे मैदान 1912 मध्ये पूर्ण झाले. मध्ये खोलगट हौदा, भोवती चढत जाणारी बैठक, आणि कुठेही बसले तरी लाल मातीतली लढत दिसावी अशी रचना. अंगाच्या विद्येला राज्याने असे दगडी रूप दिल्याचे दुसरे उदाहरण त्या काळच्या महाराष्ट्रात मला आठवत नाही. पुढे 1917 मध्ये याच राज्याने सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले. शाळा आणि हौदा, दोन्ही एकाच हाताने बांधले. त्या हाताला या दोहोंत विरोध दिसला नाही. तो आपल्याला का दिसतो?

रोमहून परतलेले महाराज मैदानाचा विचार करीत होते, त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे चार्ल्स शेरिंग्टन मेरुरज्जूवर प्रयोग करीत होता. त्याचा मज्जासंस्थेच्या संकलक कार्यावरचा ग्रंथ 1906 चा. (नोबेल त्याला 1932 मध्ये मिळाले.) त्या ग्रंथातील तीन कल्पना तालमीत नेऊन पाहण्यासारख्या आहेत.

पहिली ही की, एक स्नायू आखडण्याची आज्ञा जाते त्याच वेळी त्याच्या विरोधी स्नायूला सैल पडण्याची आज्ञा मिळते. हात वाकवताना पुढचा स्नायू ओढतो, मागचा सोडतो. हालचालीत सोडणे हे धरण्याइतकेच सक्रिय कार्य आहे. तालमीत नव्याने आलेला पोरगा पहिल्या आठवड्यात ताठ होऊन लढतो. भीतीने दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी आवळतो, दोन मिनिटांत धापा टाकू लागतो. वस्ताद ओरडतो, 'अंग सैल सोड.' शेरिंग्टनने प्रयोगशाळेत जे सिद्ध केले त्याचाच हा आखाड्यातला पाठ आहे. नवशिक्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते, तेव्हा स्नायू फारसा फुगलेला नसतो. मज्जासंस्था त्याला अधिक नेमकेपणाने जुंपायला शिकलेली असते. जोर-बैठकांचे पहिले फळ अशा रीतीने दंडात नव्हे, मेरुरज्जूत आणि मेंदूत पडते.

दुसरी कल्पना आंतरिक अंगभानाची. डोळे, कान, त्वचा यांखेरीज स्नायू, कंडरा आणि सांधे यांच्या आतून अखंड वार्ता येत असते : हात कुठे आहे, गुडघा किती वाकला आहे, भार कोणत्या टाचेवर आहे. या संवेदनेला शेरिंग्टनने स्वतंत्र नाव दिले. ती एरवी जाणवत नाही, कारण ती कधी थांबत नाही. थांबली तर काय होते, हे इयान वॉटरमन या इंग्रज तरुणाच्या बाबतीत दिसले. 1971 मध्ये एकोणीस वर्षांचा असताना एका आजारानंतर मानेखालच्या शरीराचे हे भान आणि स्पर्शज्ञान तो कायमचे गमावून बसला. स्नायू शाबूत, आज्ञा नेणारे तंतू शाबूत, आणि तरी तो उभा राहू शकेना. पुढे केवळ डोळ्यांनी आपल्या अवयवांवर पाळत ठेवून तो चालायला शिकला. दिवे गेले की कोसळे. कुस्तीत याच्या नेमके उलट घडते. खडाखडी संपून अंगाला अंग भिडले की डोळ्यांचा उपयोग फारसा उरत नाही. प्रतिस्पर्ध्याचे कपाळ खांद्यावर, नजर मातीत. आणि तरी त्याचा भार उजवीकडून डावीकडे सरकला हे मानेला कळते. कसलेला मल्ल दुसऱ्याचे शरीर आपल्या शरीराने वाचतो. 'वाचणे' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही.

तिसरी कल्पना अंतिम समाईक मार्गाची. मेंदूचा पृष्ठभाग, लहान मेंदू, मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींचे पुंजके, मेरुरज्जूतली स्थानिक वर्तुळे, असे कितीतरी सल्लागार असले तरी शेवटी स्नायूपर्यंत पोचणारा मार्ग एकच, मेरुरज्जूतील चालक पेशीचा. सगळे वाद त्या दारात मिटावे लागतात. आज्ञा देणारा एक राजा आणि पाळणारे अवयव, हे चित्र येथे मोडते. दिसते ती दरबारातली चर्चा, आणि त्या चर्चेत गुडघ्यालाही मत आहे. मेंदूतील सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी 69 अब्जांच्या आसपास पेशी लहान मेंदूत असतात, असे 2009 मधील मोजणी सांगते. ज्याला आपण बुद्धी म्हणतो तिच्याशी आपण एरवी त्याचा संबंध जोडत नाही. घडलेली हालचाल आणि घडायला हवी होती ती हालचाल यांतील फरक ताडून पुढच्या वेळी दुरुस्ती करणे हे त्याचे मुख्य काम. मेंदूच्या लोकसंख्येत बहुमत कुणाचे, याचा हिशेब विनोदकारांनी करून पाहावा.

तरी एक शंका राहतेच. प्रतिक्षिप्त क्रिया ही ठरावीक, यांत्रिक; गुडघ्यावर थाप, पाय वर. मग डाव म्हणजे केवळ यंत्राची उडी काय? याचे उत्तर 1956 मध्ये हॅमंड या इंग्रज संशोधकाने प्रसिद्ध केलेल्या एका साध्या प्रयोगात आहे. माणसाचा कोपरात वाकवलेला हात अचानक खेचायचा. त्याआधी एकदा त्याला सांगायचे 'विरोध कर', एकदा सांगायचे 'सोडून दे'. हात खेचताच स्नायूत उमटणारी पहिली प्रतिक्रिया दोन्ही वेळा जवळपास सारखीच आली. पण तिच्या मागोमाग, सुमारे पन्नास मिलिसेकंदांनंतर येणारी दुसरी प्रतिक्रिया आधीच्या सूचनेप्रमाणे बदलली, आणि तीही जाणूनबुजून हालचाल करण्याइतका वेळ जाण्याच्या आत. हेतू आधीच स्नायूच्या वाटेवर जाऊन बसलेला असतो. वस्ताद शिष्याकडून एकच ढाक किंवा एकच पट आणि त्याची तोड शेकडो वेळा करून घेतो तेव्हा तो नेमके हेच साधत असतो. कुस्तीत ठरवायला वेळ नसतो, म्हणून ठरवण्याचे काम आधीच, सरावात, उरकून ठेवायचे.

हा सराव कुठे साठतो? आपण साहित्याचे लोक स्मरण म्हणजे कथन असे मानतो. जे सांगता येते ते आठवते. 1953 मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर त्याला कोणताही नवा प्रसंग लक्षात ठेवता येईना. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञेने त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला. पण आपण हे पूर्वी कधी केले आहे हे त्याला एकदाही आठवले नाही. प्रसंगाची स्मृती निराळी, हाताची निराळी. मराठीला हे ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह होतो आणि तो मी आवरत नाही. 'अंगवळणी पडणे' या वाक्प्रचारात सवय ही अंगाची वळण घेतलेली वाट आहे. 'हात बसणे', 'हातखंडा असणे', 'अंगात मुरणे', सगळीकडे ज्ञानाचे अधिष्ठान शरीर आहे.

खाशाबा जाधव या नावाशी आल्यावाचून हा विषय पुढे जाणार नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा (जन्म 1926) कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी होता. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने गेला, फ्लायवेट गटात सहावा आला. तेथील अडचण ताकदीची नव्हती. मातीत वाढलेले पाय मॅटवर उभे होते. भुसभुशीत मातीत पाय रुततो, टाच धरली जाते. मॅट घट्ट, वेगळ्या पद्धतीने उसळणारी. तळव्यातून आणि घोट्यातून येणारी सगळी वार्ताच बदलली, आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने बसवलेले हिशेब नव्याने मांडावे लागले. शिवाय कोल्हापुरी निकाली कुस्ती पाठ टेकेपर्यंत चाले. इथे घड्याळ आणि गुण. हे सारे चार वर्षांत आत्मसात करून खाशाबांनी 1952 मध्ये हेलसिंकी येथे बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मला तिच्यातला 'प्राचार्य' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. अध्यापनाच्या पेशातल्या माणसाने विद्यार्थ्याच्या अंगविद्येसाठी घर पणाला लावले. हेलसिंकीत जपानच्या इशीशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर खाशाबांना नियमाप्रमाणे मिळायला हवी होती ती अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली नाही, आणि दाद मागायला आपला अधिकारी तेथे नव्हता, असे सांगतात. थकवा हा फक्त स्नायूचा नसतो, मेंदूकडून येणारी चेतनाही त्यात क्षीण होते, हे आज ज्ञात आहे. तो अर्धा तास म्हणजे पदकाचा रंग होता काय, याचे उत्तर कोणतेही शास्त्र देणार नाही. पुढे खाशाबा पोलीस खात्यात नोकरीला लागले; 1984 मध्ये अपघातात गेले; अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर.

मराठी साहित्याने या विद्येकडून घेतले काय? शब्द भरपूर घेतले. पेच, डावपेच, कुरघोडी, चीतपट, धोबीपछाड, शड्डू ठोकणे. राजकारणावरचा अग्रलेख यांच्यावाचून लिहिता येणार नाही, आणि वाङ्मयीन वादही. पण हे शब्द आपण घेतले ते त्यांच्यातले अंग काढून. अपवाद ठळक आहे. कागलच्या आनंद यादवांनी शिक्षणासाठी केलेल्या धडपडीच्या कहाणीला 'झोंबी' (1987) हे नाव दिले. 1990 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेल्या या आत्मचरित्रात्मक कादंबरीचा नायक पुस्तकासाठी झटतो, आणि त्या झटण्याला नाव मिळते ते अंगाला अंग भिडण्याचे. शेतातल्या राबण्याने घडलेल्या देहातच तेथे अक्षराची ओढ आहे. मेंदू आणि गुडघा यांची फारकत त्या शीर्षकाला मान्य नाही.

कोल्हापूरच्या तालमी, मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी, आजही चालू आहेत. पण गेल्या काही दशकांत या जिल्ह्याचे नाव एका अगदी उलट दिसणाऱ्या विद्येनेही जगापुढे गेले. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्यूनिक येथे पन्नास मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली. राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले. परंपरेने ज्या हौद्यात स्त्रियांना पाऊल टाकता येत नव्हते त्या गावच्या या दोघी. आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक पटकावले. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी.

नेमबाजीत हालचाल नसते, असे प्रेक्षकाला वाटते. प्रत्यक्षात स्थिर राहणे ही मज्जासंस्थेची सर्वांत खडतर कामगिरी आहे. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला आठ ते बारा वेळा अतिसूक्ष्म थरथरतो, आणि उभे शरीर सतत किंचित झुकत व सावरत असते. मल्लाचे अंगभान दुसऱ्याच्या अंगावर रोखलेले असते, नेमबाजाला तेच भान स्वतःच्या थरथरीवर रोखावे लागते. ती नाहीशी करता येत नाही, तिच्या मर्यादा ओळखून तिच्यासह चाप ओढावा लागतो. कुसाळेच्या प्रकारात तीन स्थिती क्रमाने येतात : आधी गुडघ्यावर, मग पालथे पडून, शेवटी उभ्याने. शरीर जमिनीला सर्वांत कमी टेकलेले असल्याने उभ्याची स्थिती तिन्हींत अवघड समजली जाते, आणि पदकाचा निकाल बहुधा तिथेच लागतो.